पितृऋण आणि ऋषिऋण : आचार्य धर्मानंद कोसंबी

मनुष्य जन्मास येतो तो तीन ऋणे शिरावर घेऊनच येतो, असे आपल्या धर्मशास्त्राने मानले आहे. यज्ञाने देवांचे, अध्ययनाने ऋषींचे आणि संततीने पितरांचे ऋण फिटते, ही कल्पना तैत्तिरीय संहितेइतकी जुनी आहे. मनुस्मृतीने तीवर एक कडक कलम जोडले. ही तिन्ही ऋणे फेडल्यावाचून जो मोक्षाच्या मागे लागतो, तो वर न जाता अधोगतीस जातो, असे ती बजावते. कौटिल्य तर याहूनही व्यवहारी. बायकामुलांची तजवीज न लावता जो प्रव्रज्या घेईल त्याला पूर्वसाहसदंड करावा, असे त्याने अर्थशास्त्रात स्वच्छ सांगून ठेवले आहे. कायद्याचा व्यवसाय करणाऱ्या मनुष्याला या वचनांचे विशेष कौतुक वाटते. मोक्षासारख्या परमोच्च ध्येयासाठी निघालेल्या पुरुषालाही मागे राहिलेल्या घराचा जाब चुकत नाही, हे तत्त्व आपल्या पूर्वजांनी दोन हजार वर्षांपूर्वीच ओळखले होते.

हे तत्त्व समोर ठेवून आपल्या गोमंतकाच्या एका थोर पुत्राच्या आयुष्याचा विचार करण्याचे येथे योजिले आहे. आचार्य धर्मानंद कोसंबी यांची ओळख पाली भाषेचे प्रकांड पंडित आणि बौद्ध वाङ्मयाचे महाराष्ट्रातील आद्य प्रवर्तक अशी सर्वत्र आहे व ती यथार्थच आहे. पण ते एका कुटुंबाचे पिताही होते, आणि कित्येक विद्यार्थ्यांचे गुरू होते. या दोन नात्यांचा एकमेकांशी काय संबंध होता, एकातील उणे दुसऱ्याने भरून निघाले काय, हा प्रश्न त्यांच्या चरित्रकारांनी ओझरताच हाताळला आहे. दिवंगत वडीलधाऱ्यांविषयी लिहिताना केवळ जमेची बाजू मांडावयाची आणि नावेची बाजू कोरी ठेवावयाची, असा आपल्याकडे रिवाज आहे. धर्मानंदांच्या बाबतीत तसे करणे हा त्यांचाच अवमान होईल. कारण स्वतःच्या आयुष्याची हकीकत सांगताना त्यांनी आपल्या उणिवांवर पांघरूण घातलेले नाही.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी साष्टीतील सांखवाळ या गावी एका गौड सारस्वत कुटुंबात धर्मानंदांचा जन्म झाला. सांखवाळ आज मुरगाव तालुक्यात मोडते. या गावाच्या वाट्याला इतिहासाने वियोग भरपूर दिला. सोळाव्या शतकातील धर्मच्छळात येथील लक्ष्मीनृसिंह वेलिंगला आणि विजयादुर्गा केरीला स्थलांतरित झाली. अशा गावी, पोर्तुगीज अमलाखाली, एका मध्यम स्थितीतील घरात या मुलाचे बालपण गेले. मराठी शाळेतील थोडेसे शिक्षण आणि पुढे घरच्या माडांच्या बागायतीची देखरेख, एवढेच त्यांच्या वाट्याला आले. इंग्रजीचा गंध नव्हता; संस्कृत तर दूरच. १८९१ साली, वयाची पंधरा वर्षे पुरती भरण्यापूर्वीच, बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला.

१८९७ साली ‘बालबोधमेवा’ नावाच्या लहान मुलांच्या मासिकाचा एक अंक त्यांच्या हाती पडला. त्यात भगवान बुद्धाचे अल्पसे चरित्र होते. मिशनऱ्यांनी मुलांसाठी चालविलेल्या मासिकातील तो एक लेख. पण त्याने या बागायतदाराच्या मनाचा ठाव घेतला. बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घ्यावयाचा, आणि त्यासाठी आधी संस्कृत शिकावयाचे, हा ध्यास त्यांना लागला. १८९९ साली त्यांना पहिली कन्या झाली, तिचे नाव माणिक. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, तेवीस वर्षांचा हा तरुण पत्नीला व तान्ह्या मुलीला मागे ठेवून विद्येच्या शोधार्थ घराबाहेर पडला.

पुढची सहा-सात वर्षे ही आधुनिक भारतातील विद्यार्थिदशेची एक अद्भुत कथा आहे. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा आधार मिळाला. तेथून ग्वाल्हेर व पुढे काशी. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी जुन्या शास्त्रीपद्धतीने संस्कृताचे अध्ययन केले. नेपाळात बौद्ध धर्माचे ज्ञान मिळेल या आशेने ते तेथे गेले व निराश होऊन परतले. बुद्धगयेस त्यांना सिंहलद्वीपाची वाट कळली. १९०२ साली कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली त्यांनी पालीचा अभ्यास आरंभिला व श्रामणेर दीक्षा घेतली. ब्रह्मदेशातही ते राहून आले. गावच्या शाळेपलीकडे पाऊल न टाकलेला मनुष्य तिशीच्या आत त्रिपिटकाचा अधिकारी अभ्यासक झाला.

ही झाली जमेची बाजू. नावेच्या बाजूला बाळाबाई आहेत. त्या काळी पती हयात असता माहेरच्या किंवा सासरच्या आधारावर दिवस काढणाऱ्या स्त्रीची स्थिती काय असे, हे वाचकांस सांगावयास नको. तिला ना सवाशिणीचा पुरता मान, ना स्वतंत्रपणे निर्णय घेण्याची मुभा. पतीच्या ज्ञानसाधनेची किंमत तिने दिली, आणि ती देण्यास तिची संमती कोणी विचारली होती असे दिसत नाही. कौटिल्याच्या न्यायासनापुढे हे प्रकरण उभे राहिले असते तर निकाल धर्मानंदांच्या विरुद्ध गेला असता, यात मला शंका वाटत नाही.

परंतु कोणत्याही ऋणकोची परीक्षा त्याने कर्ज केले यावरून न होता, पुढे तो कसा वागला यावरून व्हावयास हवी. धर्मानंद परत आले. १९०६ च्या सुमारास त्यांनी चीवर उतरवून गृहस्थाचा वेष पुन्हा स्वीकारला, कलकत्त्यास नव्या राष्ट्रीय महाविद्यालयात व विद्यापीठात पालीच्या अध्यापनाचे काम पत्करले, आणि कुटुंबाशी तुटलेला धागा पुन्हा जोडला. ३१ जुलै १९०७ रोजी त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव आजोबांवरून दामोदर ठेवले. पुढे मनोरमा व कमला या दोन कन्या झाल्या. भिक्षू होऊन राहिले असते तर सिंहलात वा ब्रह्मदेशात त्यांना मानाची जागा मिळाली असती. ते परत आले याचे कारण, मिळविलेली विद्या आपल्या लोकांपर्यंत पोहोचवावयाची हा त्यांचा निश्चय होता. घर आणि अध्यापन या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी पुन्हा अंगावर घेतल्या, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

या निश्चयाची कसोटी लवकरच लागली. बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांनी त्यांना दरमहा ५० रुपये तीन वर्षे देऊ केले. अट अशी की महाराष्ट्रात राहून काम करावे आणि वर्षाकाठी एक ग्रंथ बडोदे सरकारसाठी लिहावा. कलकत्त्यातील नोकरीत याहून अधिक प्राप्ती होती. पण मराठी वाचकांसाठी लिहिता येईल एवढ्याच कारणास्तव धर्मानंदांनी ते थोडे पैसे पसंत केले. बडोद्यास दिलेली त्यांची व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने १९१० साली प्रसिद्ध झाली. आपली मातृभाषा कोंकणी असलेल्या या गोमंतकीयाने मराठीला बौद्ध वाङ्मयाचे दालन उघडून दिले ते या ५० रुपयांच्या आधारावर.

१९१० साली प्राध्यापक वुड्स यांच्या निमंत्रणावरून ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. बुद्धघोषाचार्यांचा ‘विसुद्धिमग्ग’ संपादित करण्याचे काम हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने हाती घेतले होते. १८९९ साली त्यांच्या निधनाने ते अपुरे राहिले होते. ते पुरे करण्याची कामगिरी धर्मानंदांकडे आली. परंतु संपादक म्हणून नावाच्या उल्लेखाबाबत प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचे पटले नाही, आणि १९१२ साली ते स्वदेशी परतले. श्रम एकाचे आणि श्रेय दुसऱ्याचे, ही गोष्ट त्यांनी मान्य केली नाही. विनम्र मनुष्यही आपल्या कष्टाच्या नावावर हक्क सांगू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले.

१९१२ ते १९१८ ही सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. डॉ. भांडारकरांच्या प्रयत्नाने मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळाले होते. पण अभ्यासक्रमात नाव येणे वेगळे आणि शिकविणारा मिळणे वेगळे. धर्मानंदांनी शिकणारे घडविले. पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत ही पालीच्या क्षेत्रातील पुढील पिढीची नावे त्यांच्याच शिष्यशाखेतील आहेत. प्राध्यापक बापटांनी संपादित केलेला, बुद्धपरिनिर्वाणाच्या २५०० व्या वर्षानिमित्त १९५६ साली निघालेला ग्रंथ अनेकांच्या संग्रही असेल. त्याच्या मुळाशी सांखवाळच्या या बागायतदाराची तपश्चर्या आहे. ऋषिऋण फेडण्याचा मार्ग केवळ स्वतः शिकणे हा नसून दुसऱ्यास शिकविणे हा आहे, असे मानले तर हे ऋण धर्मानंदांनी सव्याज फेडले.

मग पितृऋणाचे काय? १९१८ साली ते दुसऱ्यांदा हार्वर्डला निघाले तेव्हा त्यांनी माणिक आणि दामोदर या दोन अपत्यांना बरोबर घेतले. या एका गोष्टीचे महत्त्व त्या काळाच्या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. ज्या वर्षी धर्मानंदांचा विवाह झाला, त्याच १८९१ साली ब्रिटिश हिंदुस्थानात संमतिवयाचा कायदा होऊन त्याने मुलीचे वय बारा ठरविले, आणि तेवढ्यावरूनही पुण्यात केवढे वादळ उठले होते! मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविणारा सारडा कायदा व्हावयास १९२९ साल उजाडावे लागले. अशा काळात गोमंतकातील एका सारस्वत घरातील एकोणीस वर्षांची अविवाहित मुलगी, पित्यासह समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली व रॅडक्लिफ महाविद्यालयात शिकली. ज्या तान्ह्या मुलीला टाकून बाप घराबाहेर पडला होता, तीच ही मुलगी. तिला मागे ठेवून जी विद्या मिळविली, त्या विद्येच्या बळावरच तिला जगातील एका श्रेष्ठ विद्यापीठाच्या परिसरात नेऊन पोहोचविण्याचे सामर्थ्य पित्याच्या अंगी आले. हिशेबाच्या वहीत अशी समोरासमोरची नोंद क्वचितच सापडते.

दामोदर अकरा वर्षांचा होता. पिता १९२२ साली परतला. पुढे १९२९ साली दामोदर हार्वर्डचा पदवीधर झाला. गणिताची कास धरून तो बनारस व अलीगड येथे, आणि १९३३ पासून वडील जेथे शिकवीत त्याच फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापक झाला. हेच ते इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी. आनुवंशिकीच्या गणितात त्यांचे नाव १९४४ च्या एका लेखाने कायमचे जोडले गेले, आणि १९५६ च्या त्यांच्या ग्रंथाने प्राचीन भारताच्या इतिहासलेखनाला नवी दिशा दिली. पुत्राने पित्याचा मार्ग जसाच्या तसा गिरविला नाही. पिता श्रद्धावान अभ्यासक, पुत्र मार्क्सचे विवेचन प्रमाण मानणारा. पण मूळ ग्रंथ स्वतः वाचल्याखेरीज, आणि स्वतः पायी हिंडून पाहिल्याखेरीज विधान करावयाचे नाही, ही शिस्त दोघांची एकच. मतभेद करण्याचे बळ मुलाच्या अंगी येऊ देणे, हे पित्याच्या शिक्षकपणाचे सर्वांत मोठे प्रमाणपत्र होय.

एक गोष्ट येथे निष्पक्षपणे नमूद केली पाहिजे. १९१८ च्या त्या प्रवासात बाळाबाई नव्हत्या. त्या इकडेच राहिल्या. मुलांचे ऋण फिटले म्हणून पत्नीचे फिटले असे होत नाही. एका धनकोची रक्कम दुसऱ्यास पोहोचती करून पहिल्याची पावती मिळत नसते. या खात्यावर काही बाकी शेवटपर्यंत राहिलीच, असे म्हणणे प्राप्त आहे.

ही बाकी धर्मानंदांना स्वतःला जाणवत होती काय? त्यांच्या मनातले सांगण्याचा मला अधिकार नाही. मात्र त्यांच्या ग्रंथातील एक स्थळ मला फार बोलके वाटते. १९४० साली, वयाच्या चौसष्टाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांच्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. त्यात बोधिसत्त्वाच्या गृहत्यागाची चर्चा आहे. मध्यरात्री निजलेल्या पत्नीकडे व नवजात राहुलाकडे एकवार पाहून सिद्धार्थ चोरपावलांनी निघून गेला, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. धर्मानंदांनी ती उत्तरकालीन ठरविली. मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्ताच्या आधारे त्यांनी दाखविले की बोधिसत्त्वाने आईबाप डोळ्यांत आसवे आणून समोर उभे असता, उघडपणे गृहत्याग केला. आणि सुत्तनिपातातील अत्तदंड सुत्तावरून त्यांनी असे प्रतिपादिले की त्याचे कारण वार्धक्य, व्याधी, मृत्यू यांचे आकस्मिक दर्शन हे नसून, माणसे शस्त्रे घेऊन एकमेकांवर उठतात याचा आलेला उद्वेग हे होते.

हा निष्कर्ष त्यांनी पुराव्यावरून काढला, स्वतःच्या समाधानासाठी नव्हे, हे उघड आहे. पण ज्याने स्वतः तान्ही मुलगी मागे ठेवली होती, त्या पंडिताने चाळीस वर्षांनी नेमका याच प्रसंगाचा साक्षीपुरावा इतक्या बारकाईने तपासावा, आणि गृहत्याग करणाऱ्याने घरच्यांच्या आसवांकडे पाठ न फिरविता त्यांच्यासमोर उभे राहून जाब दिला होता, असा निर्णय द्यावा, यात मला पित्याचे हृदय दिसते. विनयपिटकातील राहुलाची हकीकतही त्यांना चांगली अवगत होती. राहुलाला प्रव्रज्या दिल्याचे कळताच वृद्ध शुद्धोदन व्यथित झाला, आणि मातापित्यांच्या अनुज्ञेवाचून यापुढे कोणाही मुलास दीक्षा देऊ नये असे त्याने मागून घेतले. बुद्धाने तसा नियम केला. एका आजोबाच्या दुःखातून झालेला हा कायदा आहे.

धर्मानंदांचा उत्तरायुष्यातील व्याप येथे थोडक्यात सांगितला तरी पुरे. १९२२ नंतर गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात त्यांनी संशोधन व अध्यापन केले. तेथेच १९२४ साली ‘निवेदन’ हे आत्मचरित्र सिद्ध झाले. १९२९ साली लेनिनग्राडला बौद्ध विद्येच्या संस्थेत ते राहिले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात गोमंतकाच्या वेशीवरील शिरोड्याला ते गेले, व कारावासही भोगला. मुंबईत परळ भागात गिरणगावच्या दलित व श्रमिक वस्तीसाठी त्यांनी बहुजनविहार उभारला. हार्वर्डच्या विद्वानांना शिकविणारा हा आचार्य तेथे मजुरांच्या मुलांबरोबर तितक्याच आस्थेने बसत असे. ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ या १९३५ च्या ग्रंथातील त्यांची पुरोहितवर्गाविषयीची मते आपल्यातील अनेकांना कठोर वाटली, आजही वाटतील. पण आपल्याच घरातल्या वडीलधाऱ्याने कानउघाडणी केली म्हणून कोणी त्याला परका म्हणत नाही.

वार्धक्यात शरीर व्याधींनी थकले. आपला कोणास उपयोग उरला नाही असे मानून, पार्श्वनाथांच्या परंपरेतील पद्धतीने देह ठेवण्याचे त्यांनी मनात आणले. १९४६ साली गांधीजींच्या शब्दाखातर त्यांनी तो संकल्प एकदा सोडला; परंतु पुढे सेवाग्रामला तोच मार्ग धरून ४ जून १९४७ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. या मार्गाचे समर्थन करावे असे मला वाटत नाही. ज्याने इतक्यांना शिकविले त्याचा उपयोग वार्धक्याने संपतो, हे त्यांचे मत तर मुळीच पटण्यासारखे नाही. वृद्ध पित्याचे केवळ घरात असणे हीसुद्धा एक शिकवण असते. गांधीजींनी प्रार्थनासभेत त्यांचे गौरवाने स्मरण केले. आणि पालीच्या अध्ययनासाठी विद्यार्थ्यांना सिंहलद्वीपास पाठविण्याची व्यवस्था व्हावी, हेच त्यांचे योग्य स्मारक ठरविले.

धर्मानंदांच्या पश्चात घडलेल्या दोन गोष्टी सांगितल्यावाचून हा हिशेब पुरा होत नाही. ज्या ‘विसुद्धिमग्गा’च्या श्रेयावरून ते हार्वर्ड सोडून आले, तो ग्रंथ १९५० साली हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेचे ४१ वे पुष्प म्हणून वॉरन यांच्या जोडीला धर्मानंदांच्या नावासह प्रसिद्ध झाला. त्याच मालेचे ४२ वे पुष्प १९५७ साली निघाले. तो विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’, आणि त्याचे संपादक दामोदर कोसंबी व वा. वि. गोखले. ग्रंथालयाच्या फळीवर पितापुत्रांचे ग्रंथ एकमेकांना लागून उभे आहेत. पुढे २०१० साली दामोदरांची कन्या मीरा कोसंबी यांनी आजोबांचे ‘निवेदन’ इंग्रजीत आणले. तीन पिढ्या एका विद्येभोवती अशा उभ्या राहिल्या.

आपण आपल्या वडिलांचे श्राद्ध करतो, देवस्थानात त्यांच्या नावे अभिषेक करतो, सभामंडपात त्यांच्या नावाची फरशी बसवितो. हे सर्व योग्यच आहे. पण शास्त्राने पितृऋणाबरोबर ऋषिऋणही सांगितले आहे, आणि त्याची वसुली सहसा कोणी करीत नाही. आपल्या देवस्थानांच्या महाजनांनी उत्सवाच्या खर्चातून दरसाल एका होतकरू मुलाच्या किंवा मुलीच्या अध्ययनाची तरतूद केली, तर काशीच्या अन्नछत्राने सांखवाळच्या एका निर्धन विद्यार्थ्याला जे दिले त्याची परतफेड होईल. आणि ते मूल शिकावयास दूर जाईल तेव्हा त्याच्या मागे राहिलेल्या घराचीही विचारपूस करावी. कारण त्या शिक्षणाची किंमत बहुधा तेच घर देत असते.